'इन' म्हणजे नाही

बाईंच्या क्लासला पाटी नव्हती. लाँड्रीशेजारचा जिना चढून गेलं की एक लांबट खोली, सोळा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फळा आणि फळ्याखाली खडूचा भुगा, एवढाच सगळा पसारा. सकाळी सहा ते आठ तिथं इंग्रजी शिकायला येणारी माणसं सगळी कामाधंद्याची. कुणी टँकर चालवायचं, कुणी दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायचं, कुणी लिफ्टच्या दुरुस्तीवर असायचं. बाई हजेरीही धंद्यावरूनच घेत. "टँकरवाले?" "हजर." "दवाखाना?" "आलेय, बाई." "वेल्डर?" वेल्डर शेवटच्या खुर्चीतून, अर्धवट झोपेतून ओ द्यायचा आणि वर्गात खसखस पिकायची.

क्लास सुटल्यावर बाईंचा एक नियम होता. दिवसभरात कुठं अडलं तर फोन करायचा, पण एका फोनला एकच प्रश्न. मग कुणी दुकानाच्या काउंटरवरून हळूच विचारायचं, 'लेंड' म्हणू की 'बॉरो'? कुणी साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून विचारायचं, तीन वर्षांपासून म्हणायचंय, 'सिन्स' लावू की 'फॉर'? बाई कांदा चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. विचारणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तयार. त्या गोष्टीचा त्यांना थोडा गर्वही होता आणि तो त्या लपवतही नसत.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला वेल्डरचा फोन आला. मागे ग्राइंडरची कर्कश घरघर चालू होती.

"बाई, एकच विचारतो. तुम्ही गेल्या आठवड्यात शिकवलं ना, शब्दाच्या आधी 'इन' लागलं की अर्थ उलटा होतो?"

"होतो की. करेक्ट, इनकरेक्ट. व्हिजिबल, इनव्हिजिबल."

"म्हणजे 'इन' म्हणजे नाही."

"'इन' म्हणजे नाही. बरोब्बर."

"झालं तर मग. मी ठेकेदाराला म्हटलं होतं, बाईंना विचारल्याशिवाय हात लावणार नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर चालू करतो." आणि ग्राइंडरच्या आवाजात फोन कट झाला.

बाईंना बरं वाटलं. झोपाळू पोरगा, पण शिकवलेलं डोक्यात राहतंय म्हणायचं. त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि त्या उरलेल्या कामाला लागल्या.

पाऊण वाजायला आला तेव्हा त्या जेवणखाण उरकून खोलीत फळ्यासमोर बसल्या होत्या. उद्याची चाचणी काढायची होती. विरुद्धार्थी शब्द द्या, असा एक प्रश्न घालावा आणि शेवटी एखादा फसवा शब्द ठेवावा, म्हणजे पोरं जरा सावध होतील, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी लिहिलं, 'व्हॅल्युएबल' म्हणजे मौल्यवान. मग 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे काय? कवडीमोल नव्हे, उलट इतकं मौल्यवान की किंमतच करता येणार नाही. त्या स्वतःशीच हसल्या. असे आणखी कुठले शब्द, जिथं 'इन' लागूनही अर्थ उलटत नाही? 'इनहॅबिट'. आणि 'इनफ्लेमेबल'.

पेन तिथंच थांबलं.

'इनफ्लेमेबल'. 'फ्लेम' म्हणजे ज्योत. ज्योत हा वेल्डरचा रोजचा शब्द; इंग्रजीतले दहा शब्द येत नव्हते तेव्हाही त्याला 'फ्लेम' येत होता. त्याला कोणी तो शब्द दाखवला असेल तर तो काय समजेल? फ्लेम धरणारं ते फ्लेमेबल. आधी 'इन' लागलं, म्हणजे न धरणारं. पेट न घेणारं. वास्तविक त्या शब्दाचा अर्थ नेमका होता, चटकन पेट घेणारं. त्यातला 'इन' नाही म्हणणारा नव्हताच. तो पेटणं या शब्दाचाच एक भाग होता.

वेल्डर माणूस कामाच्या जागेवरून, ग्राइंडर चालू असताना, 'इन'चा अर्थ कशाला विचारेल? चाचणीसाठी? हात लावणार नाही म्हणाला. कशाला हात? जेवणाच्या सुट्टीनंतर चालू करतो म्हणाला. काय चालू?

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन बंद असल्याचं सांगणारा गोड आवाज आला. दुपारच्या कामाआधी साईटवर सगळ्यांचे मोबाइल बंद करून एका पेटीत जमा करतात, हे त्यानंच एकदा वर्गात सांगितलं होतं.

तो कुठे कामाला आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. महिन्याला साईट बदलते त्याची. मग त्यांना निबंधाच्या वह्या आठवल्या. 'माझी कामाची जागा', दहा वाक्यं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच तपासून ठेवल्या होत्या. वह्यांचा गठ्ठा त्यांनी जमिनीवरच पालथा केला आणि वेल्डरची वही शोधून काढली.

पान लाल शाईनं भरलेलं होतं. पाच ठिकाणी 'अ' घातलेला, तीन ठिकाणी 'द', 'ड्रम'चं 'ड्रम्स' केलेलं. खाली शेरा, 'अनेकवचनाकडे लक्ष द्या'. आता बाईंनी ते पान पहिल्यांदाच वाचलं. वेल्डरनं लिहिलं होतं की तो एका रंगाच्या कंपनीच्या जुन्या गोदामात काम करतो. कंपनी बंद झाली आहे. लोखंडी रॅक गॅसकटरनं कापून बाहेर काढायचे आहेत. तिथं दोनशे ड्रम आहेत. ठेकेदार म्हणतो रिकामे आहेत. पण वास येतो आणि दुपारी डोकं दुखतं.

वास येतो, डोकं दुखतं. त्या वाक्याखाली बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, 'क्रियापदाला एस लावा'.

वही छातीशी धरून त्या जिना उतरल्या. उतरताना दोन पायऱ्या चुकल्या आणि लाँड्रीवाल्यानं इस्त्री उचलून धरत विचारलं, "काय झालं, बाई?" त्या न थांबता पुढे पळाल्या. घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं. खालच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाई शाळांचे गणवेश शिवायच्या आणि ते पोहोचवायला त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती. दोघींचं फारसं पटायचं नाही. जाऊबाईंच्या मते इंग्रजी शिकवणं म्हणजे पंख्याखाली बसून गप्पा मारणं.

"ताई, स्कूटर काढा."

"अगं, बटणं लावायची राहिलीत. तीनला शाळेत..."

"ताई, माझ्यामुळे माणूस मरेल हो."

जाऊबाईंनी वर पाहिलं. धाकट्या जावेचा चेहरा त्यांनी इतका पांढराफटक कधी पाहिला नव्हता. त्यांनी दातांतला दोरा तोडला, सुई बाहीला टोचली आणि किल्ली उचलली.

वाटेत बाईंनी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. वाऱ्यात निम्मं उडून गेलं, निम्मं पोहोचलं. "म्हणजे लिहिलंय पेटतं आणि तू सांगितलंस पेटत नाही?" जाऊबाईंनी मान न वळवता विचारलं.

"मी तसं नाही सांगितलं! त्यानं तो शब्द सांगितलाच नाही. आणि मीही विचारला नाही."

"बरं, पत्ता काय?"

बाईंनी वही उघडली. 'ट्रकच्या वजनकाट्याच्या मागे, कालव्याकडेनं.' दोघी कालव्याच्या अलीकडच्या रस्त्याला लागल्या. वजनकाटा दिसला, त्याच्या मागे गेल्या. तिथं विटांची भट्टी होती आणि दोन गाढवं उभी होती. गोदाम नव्हतं. घड्याळात एक वीस.

"नीट बघ तरी काय लिहिलंय!" जाऊबाईंनी वही ओढून घेतली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण डोळा शिवणकामाचा. "हे काय, हा शब्द तू खोडलायस. खाली दुसरं काहीतरी होतं."

बाईंनी वही उन्हात धरली. लाल रेघेखाली वेल्डरचा निळा शब्द होता, 'अक्रॉस'. कालव्याच्या पलीकडे. बाईंना तो तिथं बेढब वाटला होता आणि त्यांनी तो खोडून 'अलाँग' केला होता. कालव्याच्या कडेनं. वाक्य छान झालं होतं आणि गोदाम कालव्याच्या या काठावर आलं होतं.

"पलीकडे आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्यानं बरोबर लिहिलं होतं."

पूल दीड मैल मागे होता. जाऊबाईंनी स्कूटर वळवली आणि अशी पिटाळली की बाईंनी डोळे मिटूनच घेतले. डोळे मिटले की ज्योत दिसायची, उघडले की घड्याळ. एक पंचवीस. एक तीस. आता जेवणाचे डबे बंद झाले असतील. आता तो हातमोजे चढवत असेल. त्याच्या घरी कोण कोण आहे, हे त्यांना आठवेना. 'माझे कुटुंब' हाही निबंध त्यांनी तपासला होता. त्यातल्या चुका आठवत होत्या, माणसं आठवत नव्हती.

पलीकडच्या काठावर दुसरा वजनकाटा होता आणि त्याच्यामागे पत्र्याचं लांबलचक गोदाम. फाटकाला साखळी. साखळीशेजारी खुर्चीवर पहारेकरी, पायाशी जेवणाचा रिकामा डबा. आतून एक आवाज येत होता. फुस्स करून मोठा होणारा, मग एकसारखा चालणारा. बाईंनी तो आवाज आयुष्यात जवळून ऐकला नव्हता, तरी त्यांनी ओळखला.

"दादा, काम थांबवा. आत निरोप द्या. आग लागेल."

"पास?"

"पास नाहीय. अहो, आग लागेल!"

पहारेकरी उठला, त्यानं गोदामाकडे पाहिलं आणि धूर नाही हे बघून तो पुन्हा बसला. "लागली आहे, का लागेल?"

व्याकरणातला काळ विचारत होता तो. जन्मभर ज्या गोष्टीवर त्यांनी पोट भरलं, ती त्यांना तिथं खरी खरी सांगावी लागत होती. "लागेल," बाई म्हणाल्या. "म्हणजे लागू शकते. ड्रमवर जे लिहिलंय त्याचा अर्थ..."

"मग लागली की या."

"लागली!" जाऊबाई मागून एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की पहारेकऱ्याचा डबा लवंडला. "लागली रे लागली! मागच्या बाजूनं लागलीय, इथं बसून काय दिसणार तुला! भोंगा दाब!"

त्यानं भोंगा दाबला.

आतला फुस्स आवाज थांबला. मग माणसं बाहेर पळत आली, पाच, आठ, बारा. कुणाच्या हातात पाना, कुणाच्या हातात अर्धवट प्यायलेला चहा. बाई साखळीला धरून मोजत होत्या आणि मोजणं चुकत होतं. शेवटी तोंडावरचा मुखवटा डोक्यावर सरकवत वेल्डर बाहेर आला. उजेडानं डोळे मिचकावत, अगदी सकाळच्या वर्गात बसतो तसा.

"बाई? तुम्ही?"

एरवी त्या सगळ्या विद्यार्थ्यांना अहोजाहो करायच्या. "अरे, त्या ड्रमांवर काय लिहिलंय?" त्यांनी त्याचा दंड धरला. "काय शब्द लिहिलाय, अक्षरं सांग मला."

त्यानं एकेक अक्षर सांगितलं. चौथ्या अक्षरालाच बाईंनी हात वर केला.

"पेटतं रे ते. 'इन' असलं तरी पेटतं. त्या शब्दात 'इन' म्हणजे नाही, असं नसतं."

वेल्डरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तोवर ठेकेदार आला. कुठंच आग नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं आणि तो तोंड सोडणार होता. वेल्डरनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तो वळला आणि आत चालू लागला. त्याच्यामागून ठेकेदार गेला, मग वाळूची बादली घेऊन पहारेकरी.

ती पाच मिनिटं बाईंना पुढे कितीतरी दिवस पुरली. जाऊबाईंनी त्यांना धरून वजनकाट्याच्या कठड्यावर बसवलं. "श्वास घे," त्या म्हणाल्या. "आतून आवाज नाही आला म्हणजे बरं आहे." बाईंना वाटलं, आवाज यायला एक क्षणच लागतो.

ते तिघं बाहेर आले. वेल्डरच्या हातातल्या पत्र्यावर मूठभर चिंध्या होत्या, वाळूनं माखलेल्या, कडेनं काळ्या पडलेल्या. रॅकचा एक पाय कापून झाला होता. ठिणग्या उडून फरशीवरच्या तेलकट चिंध्यांत पडल्या होत्या आणि त्या आतल्या आत धुमसत होत्या. ड्रमांची पहिली रांग तिथून तीन हातांवर होती. एका ड्रमला पहारेकऱ्यानं पाय लावून पाहिला होता. आत चुबुक वाजलं होतं.

"रिकामे आहेत म्हणाले होते," ठेकेदार कुणाला उद्देशून ते न कळता म्हणाला.

"मला वास येत होता, बाई," वेल्डर म्हणाला. "रोज येत होता. यांच्याशी भांडलोही. हे म्हणाले, वाच, लिहिलंय की पेटत नाही. तरी मला पटेना, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारू. तुम्ही हो म्हणालात. मग मी नाकाचं ऐकणं सोडलं."

बाईंनी त्याच्या हातातला तो पत्रा घेतला आणि खाली ठेवला.

पुढे व्हायचं ते झालं. ठेकेदारानंच अग्निशमन दलाला कळवलं, त्यांनी गोदामाला टाळं ठोकलं आणि ड्रम हलवायला चार दिवस लागले. वेल्डरला तेवढे दिवस काम नव्हतं. जाऊबाईंचे गणवेश तीनऐवजी पाचला पोहोचले आणि मुख्याध्यापिकेची बोलणी त्यांनी निमूटपणे खाल्ली. घरी मात्र त्यांनी त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. रात्री बाईंच्या ताटात पोळी त्यांनी स्वतः वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी हजेरी घेतली नाही. फळ्यावर तो शब्द लिहिला, खडू ठेवला आणि काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. फोन, निबंध, खोडलेला शब्द, सगळं. सांगताना मध्येच आवाज गेला तेव्हा दवाखान्यातल्या काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या.

"अर्धी माझी," वेल्डर मागून म्हणाला. त्या दिवशी तो टक्क जागा होता.

प्रत्येकजण मनातल्या मनात आपल्या कामाच्या जागेवरून फिरून येत होता; कुठं काय लिहिलंय, आपण त्याचा काय अर्थ लावलाय. एकाएकी टँकरवाले उठले. पन्नाशीचा गडी, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारा.

"बाई, जरा खाली येता?"

"काय झालं?"

"माझ्या गाडीवर मागे एक शब्द आहे. दोन वर्षं गाडी चालवतोय. मालकानं सांगितलं साबणाचं पाणी आहे, तेच धरून चाललोय."

सगळा वर्गच जिना उतरला. टँकर लाँड्रीच्या पुढे रस्त्याकडेला उभा होता. मागच्या बाजूला, नळाच्या वर, चिखलाचा थर बसलेला आणि त्याखाली अक्षरांच्या कडा. टँकरवाल्यांनी तळहातानंच तो चिखल पुसला. मग थुंकी लावून आणखी पुसला. नळातून एक थेंब त्यांच्या मनगटावर पडला, तो त्यांनी पँटला पुसला.

बाई पुढे झाल्या. शब्द त्यांना दुरूनच कळला होता, पण त्यांनी तो अक्षर अक्षर बोट धरून वाचला, निघताना काखेत मारलेला शब्दकोश उघडला, पान शोधलं, अर्थ वाचला, आणि मग पुन्हा एकदा वाचला. इतकं सावकाश त्यांनी आयुष्यात काही वाचलं नव्हतं.

"काय आहे, बाई?"

"'कोरोझिव्ह'. कातडी जाळतं," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता हात धुवा. लाँड्रीचा नळ सोडा, भरपूर पाण्यानं धुवा. पँटही बदला. पळा!"